गिळायला त्रास होतो तेव्हा: घास सुरक्षितही हवा, सकसही

गिळण्याचा त्रास सुरू झाला की स्वयंपाकघरात पहिल्यांदा मिक्सर बाहेर येतो. शिजलेलं अन्न, त्यात पाणी, दोन फेरे, आणि चमच्याने भरवणं. ठसका कमी होतो, त्यामुळे प्रश्न सुटला असं वाटतं. दोन-तीन महिन्यांनी कपडे ढगळ होतात, खुर्चीतून उठताना आधार लागायला लागतो, आणि सगळा दोष आजाराच्या माथी मारला जातो. पुष्कळदा दोष त्या पाण्याचा असतो. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३० कॅलरी असतात. त्यात १०० मिली पाणी घालून वाटलं की भांड्यातलं अन्न दुप्पट दिसतं, कॅलरी मात्र तेवढ्याच राहतात. ज्याला एक वाटी संपवायला अर्धा तास लागतो तो दोन वाट्या खाणार नाही. तो एक वाटी खाऊन, दमून, निम्म्या पोषणावर उठतो.

म्हणजे कामं दोन आहेत. घास श्वासनलिकेत जाऊ द्यायचा नाही, आणि जो घास पोटात जाईल तो पोकळ असू द्यायचा नाही. क्रम हाच ठेवायचा.

अडकतंय कुठे, ते आधी

गिळण्याचा त्रास एकाच प्रकारचा नसतो. घास तोंडातच रेंगाळतो, गिळायला सुरुवात होत नाही, गिळताना ठसका लागतो, पाणी नाकातून येतं, तर बिघाड तोंडात किंवा घशात आहे. पक्षाघात, पार्किन्सन, मोटर न्यूरॉन आजार (स्नायू चालवणाऱ्या नसा निकामी होत जाणारा), डिमेन्शिया, घशाच्या कॅन्सरवरचं रेडिएशन यांत तो दिसतो. उलट घास घशातून व्यवस्थित खाली जातो, पण काही सेकंदांनी छातीत अडकल्यासारखं वाटतं, तर बिघाड अन्ननलिकेत आहे. त्यातही आधी फक्त घट्ट अन्न अडकायचं आणि हळूहळू मऊही अडकायला लागलं, तर नळी अरुंद झाली असण्याचा संशय घेतात. पहिल्यापासून घट्ट आणि पातळ दोन्ही अडकत असेल तर नळीच्या हालचालीत दोष असू शकतो.

हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण या लेखातलं पेय दाट करण्याचं तंत्र पहिल्या प्रकारासाठी आहे. अरुंद झालेल्या अन्ननलिकेत दाट पेय आणखीच अडकतं. तिथे आधी एन्डोस्कोपी लागते, मिक्सर नंतर. आणि स्वतःची थुंकीसुद्धा खाली उतरत नसेल तर वाट न बघता तातडीने रुग्णालय गाठायचं.

घशातला बिघाड असेल तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्यायची. नाव बोलण्याचं असलं तरी गिळणं तपासणं आणि सुधारणं हे त्यांच्याच कामात येतं. गरज वाटली तर ते दोनपैकी एक चाचणी सुचवतात: बेरियम (एक्स-रेत दिसणारा पदार्थ) मिसळलेलं अन्न गिळताना एक्स-रेचं चलत्चित्र घेणं, किंवा नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा बघणं. घरच्या घरी अंदाज बांधून चालत नाही, याचं एक कारण आहे. काही रुग्णांच्या घशाची संवेदनाच गेलेली असते. पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि ठसकाही लागत नाही. त्यामुळे 'ठसका नाही म्हणजे ठीक आहे' हा हिशेब चुकतो. त्याऐवजी या खुणा बघा: घोट घेतल्यावर आवाज ओला, गुळगुळल्यासारखा येणं, सारखं घसा साफ करणं, जेवताना डोळ्यांत पाणी येणं, श्वास भरभर होणं, जेवणानंतर गालात अन्न सापडणं, कारण न सापडणारा बारीक ताप, वर्षात दोनदा छातीत कफ भरणं.

तपासणीहून परत येताना चार उत्तरं कागदावर लिहून आणा. पेय कोणत्या पातळीचं, अन्न कोणत्या पातळीचं, बसण्याची आणि मानेची ठेवण कशी, आणि एका वेळी तोंडात किती. 'पातळ द्या' किंवा 'मऊ द्या' एवढ्यावर समाधान मानू नका. एकाचं मऊ दुसऱ्याला घशात अडकतं.

पातळीचे आकडे आणि घरची चाचणी

हा गोंधळ टाळण्यासाठी आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय मापनपद्धत २०१५ मध्ये आली आणि २०१९ मध्ये तिच्यात सुधारणा झाली. तिच्यात ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. पेयं ० ते ४ मध्ये येतात, अन्न ३ ते ७ मध्ये. ० म्हणजे साधं पाणी. १ किंचित दाट, २ थोडं दाट, ३ मध्यम दाट किंवा पातळ वाटलेलं अन्न, ४ अगदी दाट किंवा घट्टसर वाटलेलं अन्न. ५ म्हणजे बारीक केलेलं आणि ओलसर, ६ मऊ आणि लहान तुकड्यांचं, ७ नेहमीचं जेवण. ३ आणि ४ दोन्हीकडे येतात यात चूक नाही. त्या टप्प्यावर पेय आणि वाटलेलं अन्न यांचा दाटपणा सारखाच असतो.

पेय मोजायला १० मिलीची, सुई नसलेली सिरिंज पुरते. मात्र सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. शून्यापासून १० मिलीपर्यंतची खुणांची लांबी ६१.५ मिलिमीटर असेल तीच घ्या. जाडी वेगळी असली की निकाल बदलतो. मग:

१. दट्ट्या काढून टाका. खालचं तोंड बोटाने बंद करा.
२. पेय १० मिलीच्या खुणेपर्यंत भरा. ते ज्या तापमानाला प्यायचं आहे त्याच तापमानाला असू द्या.
३. बोट काढा आणि त्याच क्षणी सेकंद मोजायला लागा.
४. १० सेकंद झाले की बोट परत लावा आणि किती उरलं ते वाचा.

१ मिलीहून कमी उरलं तर पातळी ०. १ ते ४ मिली उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २. ८ हून जास्त उरलं पण थोडंतरी वाहिलं तर ३. काहीच वाहिलं नाही तर ४. सिरिंजच्या तोंडाशी गुठळी अडकली की पातळ पेयही 'दाट' ठरतं, म्हणून विचित्र निकाल आला तर सिरिंज धुऊन पुन्हा मोजा.

वाटलेल्या अन्नाला काटा आणि चमचा. पातळी ३ चं अन्न काट्याच्या दातांमधून थेंब-थेंब, हळू गळतं. पातळी ४ चं काट्यावर ढीग होऊन बसतं, खाली फार तर एखादं शेपूट लोंबतं. ४ साठी आणखी एक परीक्षा आहे आणि खरी मेख तिथेच आहे. चमचाभर अन्न घेऊन चमचा तिरका करा, हवं तर हलकासा झटका द्या. सगळा घास एकदम सुटून पडला पाहिजे आणि चमच्यावर जेमतेम पातळ थर राहिला पाहिजे. चमच्याला जे चिकटून राहतं ते घशालाही चिकटून राहतं.

पातळी ५ चे कण मोठ्या माणसासाठी ४ मिलिमीटरच्या आत हवेत; काट्याच्या दोन दातांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं, वेगळी पट्टी नको. मुलांसाठी २ मिलिमीटर. पातळी ६ चा तुकडा मोठ्यांसाठी १५ मिलिमीटर बाजूचा, मुलांसाठी ८. तुकड्यावर काटा ठेवून अंगठ्याने दाबा, नख पांढरं पडेपर्यंत. तुकडा चिरडला गेला आणि काटा उचलल्यावर पुन्हा फुगून पहिल्यासारखा झाला नाही, तर तो चालेल.

पेय दाट करताना

पाणी हे सगळ्यांत अवघड पेय आहे. ते वेगाने धावतं आणि श्वासनलिकेवरचं झाकण बंद होण्याआधीच तिच्यात शिरतं. दाट केलं की त्याचा वेग कमी होतो आणि घशाला तयारीला वेळ मिळतो. एवढाच त्याचा उपयोग. जेवढं सांगितलं आहे त्याहून जास्त दाट केलं तर जास्त सुरक्षित होतं, असं समजू नका. फार दाट पेय अशक्त घशात मागे उरतं आणि नंतर, कुणी बघत नसताना, श्वासनलिकेत ओघळतं.

दाट करणारी पावडर, म्हणजे थिकनर, मुख्यतः दोन जातींची असते. एक स्टार्चची, दुसरी झॅन्थन गमची. स्टार्चची पावडर पेयात पडून राहिली की दाट होतच जाते. दहा मिनिटांपूर्वी बरोबर असलेला पेला आता लापशीसारखा झालेला असतो. शिवाय थुंकीतलं अमायलेझ स्टार्च फोडतं. उष्टा चमचा पुन्हा पेल्यात गेला की उरलेलं पेय हळूहळू पातळ होतं, आणि शेवटचे घोट साध्या पाण्यासारखे लागतात. झॅन्थन गमवर थुंकीचा परिणाम होत नाही, पेय पारदर्शक राहतं आणि दाटपणा टिकतो. दोन्ही मिळत असतील तर आमचं मत झॅन्थन गमच्या बाजूने. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मात्र झॅन्थन गम देऊ नये. बाळांच्या बाबतीत कोणतंही थिकनर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

किती पावडर, ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. डब्यातलाच मापाचा चमचा वापरा, सपाट भरून. २०० मिलीचा पेला मोजून ठेवा आणि रोज तोच घ्या. पावडर एकदम न टाकता ढवळत ढवळत सोडा आणि अर्धा मिनिट ढवळत राहा. मग डब्यावर सांगितलेला वेळ थांबा. नेमकं इथेच बहुतेक जण चुकतात: पेय अजून पातळ दिसतं म्हणून आणखी अर्धा चमचा टाकतात, आणि पाच मिनिटांनी चमचा उभा राहतो. दूध आणि पोषण-पेयं पाण्यापेक्षा सावकाश दाट होतात, त्यांना जास्त वेळ द्या. गुठळ्या झाल्या तर त्या चिरडत बसू नका. गाळा किंवा टाकून द्या. फसफसणारं पेय आधी ढवळून त्यातला वायू घालवा, नाहीतर पावडर पडताच पेला उतू जातो.

आता एक गंमत. जेली आणि आइस्क्रीम हातात घट्ट असतात, म्हणून आजारी माणसाला हमखास दिली जातात. तोंडातल्या उबेने दोन्ही वितळून पातळ होतात. ज्याला पाणी दाट करून द्यावं लागतं त्याला बर्फ, आइस्क्रीम आणि साधी जेली म्हणजे उशिराने दिलेलं पाणीच.

वाटण नीट कसं जमवायचं

अन्न नेहमीपेक्षा जास्त मऊ शिजवा. साल, बिया, धागे, शिरा आधीच काढा. मिक्सर त्यांचे बारीक तुकडे करतो, नाहीसं करत नाही. पदार्थ गरम असतानाच वाटा आणि सुरुवातीला द्रव कमी ठेवा: १०० ग्रॅम अन्नाला दोन मोठे चमचे. फिरवा, कडा खरवडून खाली करा, पुन्हा फिरवा, मग लागेल तसा एकेक चमचा वाढवा. हा द्रव साधं पाणी नको. दूध, दह्याचं घुसळण, पातळ पांढरा सॉस, हाडांचा किंवा डाळीचा घट्ट रस, काहीही चालेल. शेवटी सगळं बारीक गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबून काढा. गाळणीत चोथा उरला तर तो घशात उरला असता.

पदार्थागणिक खोड्या वेगळ्या. बटाटा मिक्सरमध्ये टाकू नका. पात्यांनी त्याच्या पेशी फुटतात, स्टार्च बाहेर येतं आणि चिकट डिंक तयार होतो. तो गरम असताना हाताने कुस्करून चाळणीतून दाबायचा आणि मग लोणी-दूध घालायचं. भात वाटल्यावर गरम असताना छान वाटतो, गार होताना आवळतो. म्हणून ताटात ज्या तापमानाला असेल त्या तापमानाला चमचा-परीक्षा घ्या. पातळी ५ वर अख्खा भात दिला तर तो मोकळा नको आणि चिकट गोळाही नको, दाट सॉसमध्ये सगळी शितं एकमेकांना धरून असावीत. ब्रेड दिसतो मऊ, पण थुंकीने भिजून त्याचा लगदा होतो आणि टाळूला चिकटतो. घास अडकून घुसमटण्याच्या घटनांत ब्रेड पुष्कळदा असतो. कडधान्याची सालं घशाच्या मागे कागदासारखी चिकटतात, डाळ सोललेली घ्या. मांस-मासे कोरडे झाले तर वाटल्यावर रवाळ होतात. त्यांना रस्सा आणि थोडी चरबी दोन्ही लागतं.

सगळ्यांत फसवे पदार्थ म्हणजे एकाच चमच्यात पातळ आणि घट्ट असलेले. तुकडे असलेलं सूप, दुधात भिजलेले कुरकुरीत दाणे, चावल्यावर रस सुटणारं फळ. जीभ तुकड्याशी खेळत असते तोवर रस घशात पोचलेला असतो. वाटलेलं अन्न बराच वेळ ठेवल्यावरही कडेने पाणी सुटतं; ते ढवळून घ्या, आणि तरी सुटत राहिलं तर चिमूटभर थिकनर घाला.

चवीबद्दल दोन शब्द. सगळं एकत्र करून वाटण्याची सवय लागली असेल तर सोडा. तपकिरी-करड्या लगद्याकडे बघून कोणाची भूक जागी होत नाही. भाजी वेगळी, डाळ किंवा मांस वेगळं, भात वेगळा, आणि ताटात तीन वेगळे ढीग. दाट करताना चव फिकी पडते, म्हणून मीठ-मसाला वाटल्यानंतर चाखून घाला. जास्तीचं वाटण बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवता येतं. वितळल्यावर ते पाणी सोडतं, म्हणून पुन्हा फिरवा आणि पुन्हा परीक्षा घ्या.

चमच्यात भर

किती लागतं, त्याचा ढोबळ हिशेब: वयस्कर माणसाला रोज वजनाच्या दर किलोला सुमारे ३० कॅलरी आणि किमान १ ग्रॅम प्रथिनं, आजारपणात, जखम असताना प्रथिनं १.२ ते १.५ ग्रॅम. ५० किलोच्या माणसाला १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. तीन वेळच्या जेवणात ५०० कॅलरी गिळणं अशा माणसाला झेपत नाही. सहा वेळा २५० गाठता येतात. म्हणून दिवसाचे सहा भाग करा आणि दर वेळी वाटी लहान घ्या.

एक वाटी समोर घेऊन बघू. १०० ग्रॅम उकडलेला बटाटा पाण्याने सैल केला तर ८५ च्या आसपास कॅलरी आणि २ ग्रॅम प्रथिनं. तोच बटाटा ५० मिली सायीच्या दुधाने सैल केला, त्यात १५ ग्रॅम सायविरहित दूध पावडर आणि १० ग्रॅम लोणी मिसळलं, तर साधारण २४० कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं. वाटी तीच, चमचे जवळपास तेवढेच. गिळण्याची मेहनत एकदाच करायची आहे, मग ती ८५ साठी का करायची?

त्यासाठी रोज सकाळी 'जाड दूध' करून ठेवा: ५०० मिली सायीच्या दुधात ५० ग्रॅम सायविरहित दूध पावडर. पावडर आधी थोड्या दुधात कालवून घ्या म्हणजे गाठी होत नाहीत. या अर्ध्या लिटरात सुमारे ५०० कॅलरी आणि ३४ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाच्या किमान गरजेचा मोठा हिस्सा. दिवसभर जिथे पाणी घातलं असतं तिथे हे घाला: लापशीत, सूपमध्ये, कॉफीत, वाटणात. ते फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी नवं करा.

इतर भर: एक छोटा चमचा तेल म्हणजे ४० कॅलरी, चव न बदलता कुठेही जिरतं. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं. नीट शिजवून दुधाबरोबर वाटा, कच्चं नको. शिजलेल्या १०० ग्रॅम डाळीत ९ ग्रॅम. घट्ट दही, मऊ चीज, पिकलेला अॅव्होकाडो, गुळगुळीत वाटलेला सुकामेवा दुधात फेटून. शेंगदाण्याचं लोणी मात्र सरळ चमच्याने कधीच नाही, ते टाळूला सिमेंटसारखं बसतं. प्रत्येक भर टाकल्यावर दाटपणा बदलतो: तेलाने सैल, दूध पावडरने घट्ट. काटा पुन्हा एकदा लावायचा.

नुसती साखर वाढवणं ही पळवाट आहे. कॅलरी येतात, स्नायू येत नाहीत. आणि मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, दूध न पचणं यांपैकी काही असेल तर वरचा हिशेब आहारतज्ज्ञाकडून बदलून घ्या, विशेषतः प्रथिनांचा.

एक धोका माहीत असायलाच हवा. पाच दिवसांहून जास्त काळ पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल तर एकदम भरपूर खायला घालू नका. उपाशी शरीरात अचानक अन्न आलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपकन उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त नाही, असं सुरू करतात.

पाण्याचा हिशेब

दाट पाण्याने तहान भागल्यासारखं वाटत नाही आणि पोट मात्र भरतं. परिणामी दाट पेयं घेणारी माणसं पाण्याला कमी पडतात: लघवी गडद होते, बद्धकोष्ठता होते, वयस्करांमध्ये गोंधळलेपण येतं. पेयांमधून दिवसाला बायकांना १.६ लिटर आणि पुरुषांना २ लिटर हे लक्ष्य धरतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टर सांगतील ते. १६० मिलीचा कप धरला तर बायकांसाठी दहा कप. कागदावर दहा चौकोन काढून स्वयंपाकघरात चिकटवा आणि दर कपाला एक खूण. तहान लागायची वाट बघितली तर संध्याकाळी पाच चौकोन रिकामे असतात, आणि झोपेच्या वेळी घाईने पाजलेलं पाणी सगळ्यांत वाईट.

काही रुग्णांना तोंड स्वच्छ करून, जेवणाच्या मधल्या वेळात साधं पाणी प्यायची परवानगी मिळते. ती थेरपिस्टने दिली तरच. विचारून मात्र जरूर बघा, कारण साध्या पाण्याच्या घोटाची किंमत ते बंद झालेल्या माणसालाच कळते.

भरवताना

पूर्ण जागा माणूस, पाठ सरळ, कंबर आणि गुडघे काटकोनात, तळवे टेकलेले. पलंगावरच असेल तर डोकं शक्य तितकं उंच. भरवणारा समोर, त्याच उंचीवर बसलेला. उभ्याने भरवलं की समोरचा मान वर करतो आणि श्वासनलिका उघडी पडते. हनुवटी खाली घेऊन गिळणं किंवा मान एका बाजूला वळवणं हे उपाय ज्याला सांगितले असतील त्यानेच करायचे; काहींना त्याने त्रास वाढतो.

एका वेळी छोटा चमचा, ५ मिलीच्या आत. चमचा जिभेच्या मध्यावर ठेवून किंचित दाबा, ओठ मिटू द्या, वरच्या दातांवर खरवडू नका. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की घास गिळला गेला. तोंड रिकामं झाल्याचं बघूनच पुढचा. घशात उरल्यासारखं वाटलं तर रिकाम्या तोंडाने पुन्हा एकदा गिळायला सांगा. टीव्ही बंद, आणि तोंडात घास असताना प्रश्न विचारायचे नाहीत. ३० ते ४० मिनिटांत थांबा, वाटी संपलेली नसली तरी. थकलेला घसा चुका करतो. उरलेलं पुढच्या भागात भरून निघेल. जेवणानंतर अर्धा तास बसूनच राहायचं.

ठसका लागला तर पुढे वाकवून खोकू द्या. पाणी पाजू नका, पाठीवर थापट्या मारू नका. खोकता, बोलता, श्वास घेता येईनासा झाला तर मात्र मदतीला हाक मारून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार ठोके, मग मागून कवेत घेऊन पोटावर आत-वर पाच दाब, आणि घास सुटेपर्यंत आळीपाळीने. पोटावरचे दाब एक वर्षाखालच्या बाळाला आणि गरोदर बाईला नाहीत.

गोळ्या आणि दात

गोळी पाण्याबरोबर जात नसेल तर सरळ कुटू नका. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं, आणि आतड्यात फुटावं म्हणून कवच दिलेल्या गोळ्या पोटातच फुटतात. औषधविक्रेत्याला प्रत्येक गोळीबद्दल विचारा: कुटता येते का, पातळ रूपात मिळते का. पातळ औषधही दाटपणाच्या नियमात बसलं पाहिजे. बद्धकोष्ठतेवरचं मॅक्रोगॉल स्टार्चच्या थिकनरमध्ये मिसळलं की सगळं पाण्यासारखं पातळ होतं. या जोडीने जीव धोक्यात येऊ शकतो.

दात, हिरड्या, जीभ दिवसातून दोनदा तरी साफ करा, जेवणानंतर गाल तपासा, कवळी रात्री काढून ठेवा. थुंकी थोडीफार श्वासनलिकेत जातेच. न्यूमोनिया होतो तो तिच्याबरोबर गेलेल्या जंतूंमुळे. सैल झालेली कवळीही घास बिघडवते, आणि वजन घटलं की कवळी सैल होतेच.

वजन, आणि नळीचा विचार

आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी, सारख्याच कपड्यांत वजन करा आणि तारखेसह लिहा. तीन ते सहा महिन्यांत ५ टक्के घट, म्हणजे ५० किलोच्या माणसाची अडीच किलो, ही आहारतज्ज्ञाकडे जाण्याची वेळ. १० टक्के घट झाली तर ती गंभीर. उभं राहता येत नसेल तर दंडाच्या मध्याचा घेर टेपने मोजा.

भर घालूनही वजन उतरत असेल, जेवण तासभर चालत असेल किंवा छातीत वारंवार कफ भरत असेल तर नळीने अन्न देण्याचा विषय निघतो. काही आठवड्यांपुरती नाकातून, चार ते सहा आठवड्यांहून जास्त लागेलसं दिसलं तर पोटातून थेट जठरात. मोटर न्यूरॉनसारख्या वाढत जाणाऱ्या आजारात ही चर्चा लवकर करा, श्वासाचे स्नायू थकण्याआधी, कारण नंतर नळी बसवणंच जोखमीचं होतं. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात मात्र नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसून आलेलं नाही; तिथे हाताने, आवडीचं, थोडं थोडं भरवणंच बहुतेकदा योग्य ठरतं.

नळीतून देताना डोकं ३० ते ४५ अंश उंच आणि नंतरही अर्धा ते एक तास तसंच. दर वेळी आधी आणि नंतर नळीतून पाणी सोडा, नाहीतर ती आतून साखळते. थेरपिस्टची हरकत नसेल तर जिभेवर चवीपुरता एखादा चमचा चालू ठेवता येतो. आणि तोंडाने काहीच जात नसलं तरी दात दोनदा घासायचेच, कारण थुंकी तर सुरूच असते.